लेकीचा बुटका पलंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, मुलगी सव्वादोन वर्षांची असताना, आम्ही नाशिकमधल्या आमच्या ओळखीच्या सुतारकाकांकडून तिच्यासाठी गादीसकट जेमतेम १० इंच उंचीचा पलंग करून घेतला. लांबी ५ फूट, रुंदी अडीच फूट, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला अर्ध्या लांबीचा कठडा आणि वर कापसाची घट्ट गादी. सगळा मिळून खर्च ११,००० रुपये आला. तोवर ती आमच्या दोघांच्या मध्ये झोपत असे, रात्रीतून तीन-चार वेळा उठत असे आणि दर वेळी दुधाची बाटली मागत असे. मुलांना कुशीत घेऊन झोपण्यात मला काहीच गैर वाटत नाही, आपल्याकडे ती रीतच आहे. परंतु आमच्या घरात तिघांपैकी कुणाचीच झोप पुरी होत नव्हती, म्हणून हा निर्णय घेतला.

पलंग बुटका असल्याचा खरा उपयोग मला पहिल्या आठवड्यातच कळला. उंच कठड्यांच्या पाळण्यात मूल झोपवायचे तर ते आधी खांद्यावर झोपवून मग अलगद खाली ठेवावे लागते, आणि पाठ टेकताच ते जागे होते. इथे ती स्वतः चढून आडवी होते, मी शेजारी सतरंजीवर बसते आणि तिचा डोळा लागतो तो तिच्या स्वतःच्या अंथरुणातच. लहान मुलाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे असते आणि दोन आवर्तनांच्या मध्ये ते क्षणभर अर्धवट जागे होते; झोप लागताना जे जवळ होते ते त्या क्षणी जवळ नसेल, तर ते पुरते जागे होऊन त्याचा शोध घेऊ लागते. आमच्या मुलीच्या बाबतीत ते म्हणजे माझा हात आणि बाटली होती.

म्हणून बदल सावकाश केले. पहिले पाच दिवस तिच्या अंगावर हात ठेवून बसले, पुढचे पाच दिवस हात न ठेवता, नंतर सतरंजी रोज थोडी दाराकडे सरकवली. ती रात्री उठून आमच्या खोलीत आली की दिवा न लावता, न रागावता, ‘रात्र आहे, निजायचं’ एवढेच म्हणून तिला हाताला धरून परत नेले. पहिल्या आठवड्यात एका रात्री असे सहा वेळा झाले आणि मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्या आठवड्यात ते एकदोनदा उरले. रात्रीचे दूध आम्ही दात घासण्याच्या आधीवर आणले, कारण दूध पिऊन तसेच झोपल्याने दात किडतात हे बालरोगतज्ज्ञांनी पूर्वीच बजावले होते. दुपारची झोप पाचपर्यंत लांबत असे, ती अडीचला आटोपती घेतली. या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, त्यामुळे दुपारची झोप मोडण्याचा विचार मात्र केला नाही. सासूबाईंना ‘एवढ्याशा पोरीला वेगळं कशाला निजवायचं?’ असे वाटत होते, पण त्यांनीच त्यांच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली आणि ती पांघरल्याखेरीज मुलगी आता आडवी होत नाही.

पलंगातली एक मोठी उणीव पावसाळ्यात दिसली. तळाला अखंड प्लायवूड असल्याने गादीखाली हवा खेळत नव्हती. ऑगस्टमध्ये गादी उचलली तर खाली बुरशीचे काळे डाग होते. ते प्लाय काढून दोन-दोन बोटांच्या अंतराने लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी गादीला ऊन दाखवते. पलंग आणि भिंत यांच्यात फट राहिली होती, तिच्यात मुलाचे अंग अडकू शकते, म्हणून पलंग भिंतीला पक्का केला. मूल रात्री आपण होऊन खाली उतरू शकते, त्यामुळे आम्ही खोलीतले कपाटही भिंतीला ठोकले आणि खालचे प्लग झाकले. हे काम पलंग येण्याआधीच उरकायला हवे होते. छत्रीसारखी चेनची मच्छरदाणी तिला आतून उघडता येईना आणि ती घाबरली. आता छताला टांगलेली, सैल पदराची मच्छरदाणी लावतो.

दिवाळीत आम्ही दहा दिवस गावी होतो, तिथून परतल्यावर तिला ताप आला आणि सगळी घडी विस्कटली. तापात मी तिला माझ्याजवळच घेतले. बरी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा चारच रात्री लागल्या. सध्या ती साडेआठला झोपते आणि आठवड्यातल्या पाच रात्री तरी पहाटेपर्यंत उठत नाही. साडेपाचच्या सुमारास गोधडी ओढत आमच्याकडे येते, तेव्हा तिला परत नेत नाही.

पुन्हा करून घ्यायचा झाला तर रुंदी ३ फूट ठेवीन, म्हणजे आजारपणात मोठ्या माणसाला तिच्या शेजारी नीट पाठ टेकता येईल.