लाकडी कुंपण की विनाइलचं? दोन्ही असलेल्या घरातून रिव्ह्यू

आमच्या घराला मागे लाकडी कुंपण आहे आणि एका बाजूला विनाइलचं, म्हणजे प्लॅस्टिकचं, त्यामुळे ओळखीत कुणी कुंपण घालायला निघालं की फोन येतोच, यातलं कुठलं घेऊ? मी उलट एकच विचारतो, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तुमचा ब्रश पोचतो का? कारण कुंपणाला दोन तोंडं असतात आणि त्यातलं एक बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे असतं, हे विकणारा सांगत नाही. विनाइलवाला 'मेंटेनन्स फ्री' म्हणणार, लाकूडवाला 'नॅचरल लुक' म्हणणार, आणि दोघांचंही अर्धंच खरं.

आधी लाकडाबद्दल. दिसायला, हात लावायला, खिळा ठोकून वेल चढवायला लाकडासारखं काही नाही, यावर माझा वाद नाही. पण लाकडी कुंपण मरतं कुठे ते बघा. फळ्या वर मजेत असतात आणि खांब जमिनीलगत कुजलेला असतो, वरून धडधाकट दिसणारा खांब हलवला की हातात येतो. कारण साधं आहे, बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, खोल मातीत हवा कमी, वरचा भाग ऊनवाऱ्याने सुकत राहतो, आणि जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात दोन्ही भरपूर. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ही बुरशी वाढूच शकत नाही, म्हणजे सगळा खेळ पाणी साचू न देण्याचा आहे. खड्ड्याच्या तळाशी खडी टाका, काँक्रीट वर थोडं उंच ठेवून खांबापासून बाहेर उतार द्या, खांबाच्या लांबीचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाऊ द्या. काँक्रीटची वाटी करून त्यात खांब उभा केला तर पाणी तिथेच मुरणार आणि मग लाकूड कितीही भारी असू दे, काही उपयोग नाही.

लाकूड घेताना नुसतं नाव ऐकून घेऊ नका. साग म्हणा, सीडर म्हणा, टिकतो तो मधला गडद गाभा, त्याच झाडाचं कडेचं फिकट लाकूड वाळवीला आणि बुरशीला कुठल्याही साध्या लाकडाइतकंच गोड लागतं. फळीची एक कड पांढरट दिसली तर ती बाजूला ठेवायला सांगा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी. स्वस्तातला पर्याय म्हणजे दाबाने औषध मुरवलेलं पाइन, तेही चांगलंच टिकतं. पूर्वी त्या औषधात आर्सेनिक असायचं, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३च्या अखेरीस बंद झालं आणि तांब्यावर आधारलेली औषधं आली. आता गंमत अशी की हे तांबं साध्या खिळ्यांना खातं, म्हणून गरम झिंकात बुडवलेले किंवा स्टेनलेसचेच स्क्रू लागतात, नाहीतर लाकूड ठणठणीत आणि खिळे गळालेले. आणि औषध मधपर्यंत पोचतंच असं नाही, त्यामुळे फळी किंवा खांब कापला की कापलेल्या तोंडाला औषध लावायचं. हे सुताराला आधीच सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. असं लाकूड नवीन असताना ओलं असतं, लगेच रंग दिला तर तो धरणार नाही. वर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, थेंब तसेच बसून राहिले तर थांबा, शोषले गेले तर ब्रश काढा.

रंग की स्टेन? माझं मत स्टेनच्या बाजूने. रंगाचा थर वर बसतो, पापुद्रा सुटला की त्याच्या मागे पाणी अडकतं आणि पुढच्या वेळी सगळं खरवडत बसा. स्टेन आत मुरतो, फिका पडतो, तेव्हा धुवून पुन्हा मारला की झालं. दोन ते चार वर्षांनी हे करावं लागतं, ऊन जिकडे जास्त तिकडे लवकर. नाही केलं तर लाकूड राखाडी होतं, ते कुजणं नाही बरं का, उन्हाने वरचा थर मोडतो आणि पाऊस तो धुवून नेतो. काहींना तो राखाडी रंगच आवडतो, मलाही वाईट नाही वाटत. पण फळ्यांची वरची तोंडं उघडी ठेवू नका, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, वर एक उतरती पट्टी मारली तरी पुष्कळ फरक पडतो.

आता विनाइल. म्हणजे पीव्हीसीच, आतून पोकळ खांब आणि पट्ट्या, त्यात उन्हापासून वाचवायला टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं. कुजत नाही, वाळवी त्याच्याकडे बघतही नाही, रंगकाम शून्य, आणि दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. लाकडी कुंपणात एका बाजूला आडव्या पट्ट्या दिसतात आणि त्या बाजूला कोण राहणार यावरून शेजाऱ्यांत कुरबुर होते, इथे तो प्रश्नच नाही. आमच्या बाजूच्या बोळात कुंपण आणि भिंत यांच्यात माणूस आडवा होऊनच जातो, तिथे ब्रश घेऊन कोण उभं राहणार, म्हणून तिथे विनाइल. त्या जागेसाठी पाचपैकी पाच.

पण कुठेही लावा आणि विसरा, असं नाहीये. विनाइल उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं, लाकूड लांबीत जितकं हलतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. अडीच मीटरची आडवी पट्टी ४० अंशांच्या फरकाला पाच-सहा मिलिमीटरने तरी हलते. म्हणून ती खांबाच्या खाचेत सैल बसली पाहिजे, लावणाऱ्याने दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून टाकली तर उन्हात कमान होणार आणि तुम्ही कंपनीला शिव्या देणार, कंपनीचा दोष नसताना. गडद रंग जास्त तापतात, पांढरा त्यातल्या त्यात सुखाचा. समोरच्या खिडकीला उष्णता परतवणारी काच असेल तर तिचा झोत एकाच जागी पडून विनाइल मऊ होऊन वाकतं, हे ऐकायला अतिशयोक्ती वाटतं पण होतं असं. शेगडी, भट्टी वगैरे लांबच ठेवा. पीव्हीसी स्वतःहून जळत राहत नाही हे खरं, पण वितळतं, आणि आगीत सापडलं तर धूर फार वाईट, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं.

आणि तडा. कडक थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं, गवत कापायच्या मशीनची दोरी खालच्या कडेला लागत राहिली की तिथेही चिरा जातात. लाकडाची फळी फुटली तर कुठलीही फळी आणून ठोका, विनाइलची त्याच कंपनीची, त्याच मापाची, त्याच रंगाची लागते आणि काही वर्षांनी ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं. त्यामुळे पहिल्या खरेदीतच दोन-तीन फळ्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर टाकून द्या. मेंटेनन्स फ्री म्हणतात त्यात धुणं धरलेलं नसतं बहुतेक, कारण सावलीतल्या बाजूला हिरवं शेवाळ येतंच. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं, तारेची घासणी आणि थिनर मात्र लांब.

विनाइल घेताना नमुन्याचा तुकडा कापलेल्या बाजूने बघा. पातळ भिंतीचा माल हाताने दाबला की कळतो. वरचा थर नवीन मटेरियलचा आणि आत काय, हे विचारा. एएसटीएम एफ ९६४ हे विनाइल कुंपणाचं अमेरिकन मानक आहे, माल त्याप्रमाणे आहे का असं विचारलं की विकणारा किती पाण्यात आहे ते लगेच समजतं.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला लाकूड साधारणपणे स्वस्त, पण स्टेन आणि मजुरी धरत गेलात की अंतर कमी होत जातं. स्वतः ब्रश मारणार असाल तर हिशोब परत लाकडाच्या बाजूला झुकतो. पर्यावरणाचं दोन्हीकडे थोडं थोडं आहे, साधं लाकूड मातीत जातं पण औषध मुरवलेलं जाळायचं नाही, आणि पीव्हीसीवर तीन नंबरचा रिसायकलिंगचा शिक्का असला तरी ते घेणारा शोधावा लागतो.

आज परत मागचं कुंपण घालायचं झालं तर मी फळ्या लाकडाच्याच ठेवीन पण खांब गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे घेईन. जिथे कुजतं तिथे लाकूडच नको, आणि फळ्या काय, बदलता येतात. पूर्ण विनाइल फक्त त्या बोळासारख्या जागी, जिथे एकदा लावल्यावर परत हात पोचणार नाही.

गेटचं वेगळं बघा, ते लाकडाचं असो की विनाइलचं, सगळा भार बिजागरीच्या खांबावर येतो. लाकडी गेटला तिरकी पट्टी खालच्या बिजागरीकडून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे जाणारी हवी, उलटी मारली तर गेट वर्षभरात जमिनीला घासायला लागतं. विनाइलच्या गेटला आत धातूची चौकट आणि खांबाच्या पोकळीत अॅल्युमिनियमचा आधार आहे का ते पैसे देण्याआधी टोपण काढून बघा, नुसत्या पोकळ खांबावर टांगलेलं गेट दाखवायला ठीक, रोज उघडायला नाही.