जुनं रीळ सर्व्हिसला देण्याआधी हे वाचा

बडोद्याला समुद्र नाही, पण समुद्राशी नातं असलेली मराठी घरं इथे भरपूर आहेत. दांडिया बाजार, रावपुरा या भागात चौकशी केलीत तर कुणाचं आजोळ मालवणचं निघेल, कुणाचे काका बोटीवर नोकरीला होते असं कळेल. अशा घरांच्या माळ्यावर कधी कधी खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं एखादं जुनं, दणकट अमेरिकन रीळ, म्हणजे गळाच्या काठीवर बसवायचं दोरी गुंडाळायचं यंत्र, सापडतं. तसं एक माझ्याकडे आहे. ते सर्व्हिस करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने माझे पैसे घेतलेच, शिवाय रिळातला सगळ्यात मोलाचा भाग लांबवला. आणखी कुणाच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

रीळ पेन (Penn) कंपनीचं, जिगमास्टर ५००. ऑटो हेन्झ या गृहस्थांनी १९३२ मध्ये फिलाडेल्फियात ही कंपनी काढली. माझे मामा मालवाहू जहाजावर होते, त्यांनी हे रीळ आणलं आणि मालवणच्या समुद्रात वर्षानुवर्षं वापरलं. दोन्ही बाजूंना काळ्या तबकड्या, मध्ये दोरी गुंडाळायचा क्रोम चढवलेला पितळी स्पूल. हँडलच्या मुळाशी चांदणीच्या आकाराचं चाक असतं, ते ड्रॅगचं, म्हणजे मासा ओढत असताना दोरी किती ताणावर सुटावी हे ठरवणाऱ्या ब्रेकचं. एका खटक्याने स्पूल मोकळा सुटतो. डाव्या बाजूचं बटण सरकवलं की दोरी ओढली जाताना कर्रकर्र आवाज येतो, म्हणजे काठी ठेवून चहा पीत बसलात तरी मासा लागल्याचं कळतं. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे चार फेरे होतात. दोरी सारखी पसरवणारी यंत्रणा यात नाही, ते काम अंगठ्याने करायचं.

आणि यात बॉल बेअरिंग नसतात. स्पूलचा दांडा धातूच्या साध्या बुशांमध्ये, म्हणजे गोळ्या नसलेल्या नुसत्या कड्यांमध्ये, फिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामा गेल्यावर रीळ बरीच वर्षं पडून होतं. ग्रीस वाळून चिकट झालं होतं, हँडल जड फिरत होतं. शहराच्या जुन्या भागात एक जण ‘इम्पोर्टेड रीळ’ दुरुस्त करतो असं कळलं, त्याच्याकडे दिलं. आठवड्याभराने गेलो तर त्याने माझ्यासमोर हँडलला नुसती टिचकी मारली आणि ते भरभर फिरत राहिलं. “जुओ साहेब, माखण जेवुं चाले छे!” (बघा साहेब, लोण्यासारखं चालतंय!) बिल २,८०० रुपयांचं. त्यात लिहिलं होतं: तीन बॉल बेअरिंग, ड्रॅग वॉशरचा पूर्ण सेट, ग्रीसिंग, मजुरी. चांदीसारखा चकाकणारा स्पूल मात्र जागेवर नव्हता, तिथे काळा प्लास्टिकचा होता. विचारलं तर म्हणाला, जुना आतून गंजून गेला होता, हा नवा हलका स्पूल मी माझ्याकडून फुकट बसवला आहे. जुने पार्ट परत द्या म्हटलं, तर ते म्हणे भंगारात गेले.

पितळ गंजत नाही. ज्यांच्या घरी पितळेची भांडी आहेत त्यांना हे सांगायला नको. पितळ कळकतं, वरचा क्रोम उडाला तर हिरवट थर धरतं, तो घासून निघतो. गंज चढतो तो लोखंडाला. एवढं एक वाक्य खोटं आहे हे समजलं की बाकीचं बिलही संशयाने वाचावं लागतं.

नारळी पौर्णिमा उलटल्यावर मी मालवणला गेलो. मामेभावाबरोबर होडीतून बाहेर पडलो आणि पहिलीच सुरमई लागली. सुरमई लागल्याबरोबर जी धाव घेते तिच्यासाठीच ड्रॅग असतो. हँडलखालच्या मोठ्या दातेरी चाकाच्या पोटात वॉशरांची चळत असते, एक घर्षणाचा, एक धातूचा, अशी आलटून पालटून. धातूच्या वॉशरांपैकी काही त्या चाकाला कानांनी अडकलेले असतात, काही मधल्या नळीला. चांदणी आवळली की चळत दाबली जाते. मासा जोरात ओढतो तेव्हा वॉशर एकमेकांवर घसरतात आणि दोरी तुटण्याऐवजी हळूहळू सुटत राहते. माझ्या रिळात वॉशर घसरलेच नाहीत. क्षणभर सगळं घट्ट, मग एक हिसका, आणि दोरी ताडकन तुटली.

दुसऱ्या दिवशी मासे लहान होते, ते आले. पण संध्याकाळी हँडल पुन्हा जड झालं. स्पूलची कड फुगून बाजूच्या तबकडीला घासत होती, आणि कडेला केसासारखी चीर दिसत होती. जुन्या रिळांची माहिती असलेल्यांना हे नवीन नाही. नायलॉनची दोरी ताणाखाली लांबते, त्याच ताणात स्पूलवर गुंडाळली गेली की आखडते आणि स्पूलच्या दोन्ही कडांना बाहेर रेटते. प्लास्टिकचे स्पूल या दाबाने फुटतात, म्हणून नायलॉनसाठी धातूचा स्पूल लागतो. पेनच्या जुन्या डब्यांवर आकड्यानंतर ‘एम’ हे अक्षर असलं तर स्पूल धातूचा. माझ्या डब्यावर ते आहे.

बडोद्याला परत आल्यावर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लेथवर काम करणाऱ्या माझ्या मेहुण्याने रीळ उघडलं. तो प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडत गेला आणि फोटो काढत गेला. बिलातल्या तीन बॉल बेअरिंगांपैकी एकही आत नव्हतं. असणार कुठून, बसवायला जागाच नाही. तेच जुने बुश होते, कोरडे. दातांवर ग्रीसचा पत्ता नाही, सगळीकडे पातळ तेलाचा फवारा मारलेला. हँडल टिचकीसरशी फिरत होतं ते त्यामुळे. नीट ग्रीस भरलेलं रीळ किंचित जड चालतं, आणि खाऱ्या पाण्यात तोच जाड थर आतल्या धातूला वाचवतो. पातळ तेल उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं. दुकानात भरभर फिरणारं हँडल बघून कुणीही खूश होऊ नये.

सगळ्यात वाईट होते ड्रॅगचे वॉशर. ट्यूबच्या रबरातून कात्रीने कापलेले, कडा वेड्यावाकड्या, एकावर तर पंक्चरच्या सोल्युशनचा डाग. मूळचे वॉशर जुने असले तरी घसरायचे. आज बदलायचे असतील तर पेनचेच एचटी-१०० नावाचे कार्बन फायबरचे वॉशर येतात, ते या रिळाला बसतात. रबर घसरत नाही, धरून ठेवतं. मेहुणा संतापून म्हणाला, “दाजी, याने काम केलंच नाही असं नाही हं. चांगलं चालत होतं ते मुद्दाम बिघडवलंय.”

आम्ही दोघं फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो. बेअरिंग कुठे बसवलीत ते दाखवा म्हटल्यावर तो आधी आवाज चढवून बोलला, मग निम्मे पैसे परत देतो म्हणाला. स्पूलबद्दल मात्र अवाक्षर नाही. अशा रिळांच्या सुट्या धातूच्या स्पूलना जुन्या सामानाच्या बाजारात चांगलं गिऱ्हाईक असतं, आणि माझी खात्री आहे की तो भंगारात गेलेला नाही. निम्म्या पैशांवर मी तयार झालो नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पैसे घेऊन वस्तू दुरुस्त करून देणं हीसुद्धा सेवाच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही. हाताशी बिल हवं, आणि त्यात प्रत्येक भाग वेगळा लिहिलेला हवा. माझ्या बिलावर ‘तीन बॉल बेअरिंग’ लिहिलं आहे, तोच आता माझा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

रीळ देण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि स्पूल बाहेर काढून फोटो घ्या. पितळी स्पूल गेला तर वजनातला फरक लगेच कळतो. शक्य असेल तर समोर बसून उघडायला लावा. जो खरंच काम जाणतो तो नाही म्हणत नाही, उलट दाखवण्यात त्याला आनंद वाटतो. स्क्रूच्या खाचा आधी बघून ठेवा, चुकीच्या मापाच्या पेचकसाने त्या लगेच झिजतात. परत घेताना ड्रॅग अर्धवट आवळा आणि दोरी ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) बांधून हळू ओढा. सुरुवातीला काटा उसळून मग खाली येत असेल तर वॉशर अडकतात. नीट ड्रॅगमध्ये काटा जवळपास एका जागी राहतो. दोरी जितक्या ओढीला तुटते तिच्या साधारण पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा. हँडल उलटं फिरवून बघा, किंचित खेळानंतर ते अडलंच पाहिजे. आणि समुद्रावरून आलात की जोराच्या पिचकारीखाली रीळ धरू नका, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग आवळून नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, वाळवा, मग ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा.

मेहुण्याने सगळे भाग रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून रीळ पुन्हा जोडलं आहे. वॉशर मागवले आहेत. स्पूल मिळालेला नाही. मामांच्या स्पूलवर, दोरीखाली झाकल्या जाणाऱ्या मधल्या भागावर, टोच्याने कोरलेली छोटी होडी आहे. जिगमास्टरचा धातूचा स्पूल कुणाला विकायला आला, तर दोरी काढून तेवढं बघा आणि मला कळवा.