गावातली कुत्री: ग्रामसभेत ठराव कोणता मांडायचा?

आमच्या ग्रामसभेत कुत्र्यांचा विषय निघाला की चार माणसं चार ठराव मांडतात. ज्याची शेळी फाडली तो म्हणतो, औषध घाला आणि मोकळे व्हा. ज्याची पोरगी सायकलवरून शाळेला जाते तो म्हणतो, गाडी बोलवा आणि घाटात सोडून या. कॉलेजची पोरं नसबंदी म्हणतात. मग मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास विचारतं, "पैसे कुठल्या हेडातनं?" तिथं सभा संपते, आणि पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा इतिवृत्तात चढतो.

मी एक पंचवार्षिक सदस्य होतो आणि घरी शेळ्या आहेत, त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. यंदा ज्याला ठराव मांडायचा आहे त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते बघा

'कुत्र्यांचा त्रास' या एका शब्दात तीन वेगळी दुखणी आहेत. एक, माणसाला चावणं आणि त्यातून रेबीजची भीती. दोन, टोळीनं येऊन शेळ्या-मेंढ्या फाडणं. तीन, नुसती संख्या: रात्रीचं भुंकणं, गाडीला आडवं येणं, दर वर्षी पिलांची नवी फौज. तिन्हींवर एकच उपाय चालत नाही. नसबंदी केलेलं कुत्रंही भुकेलं असलं तर शेळी धरतंच. लस दिलेलं कुत्रं चावलं तर जखम होतेच, फक्त जीव जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. सभेतली अर्धी भांडणं यामुळेच होतात, की एकजण शेळीचं बोलत असतो आणि दुसरा चाव्याचं.

विष

हा उपाय एका रात्रीत होतो आणि खर्च शंभर-दोनशेच्या पुढं जात नाही, म्हणून तो मनात येतो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला विष घालणं किंवा मारणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. गुन्हा दाखल झाला तर 'गावाचं ठरलं होतं' हे उत्तर चालत नाही. ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनाच आधी बोलावणं येतं.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. विषाचा तुकडा आधी दारातलं विश्वासू कुत्रं खातं, कारण ते माणसाच्या हातचं घेतं. शेळ्या धरणारी बुजरी टोळी लांबच राहते. मेलेलं कुत्रं ओढ्यात टाकलं की त्यावर घारी-कावळे मरतात, आणि पंधरा-वीस दिवसांत शेजारच्या वाडीतली कुत्री मोकळ्या झालेल्या जागेत येऊन बसतात. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्यावरून पारशी मंडळींनी दंगा केला होता. त्यानंतरही पालिका १९९४ पर्यंत कुत्री मारतच होती. एवढ्या वर्षांत तिथली संपली नाहीत, तर आपल्या गावातली एका अमावास्येला कशी संपतील?

गाडी भरून लांब सोडणं

सरपंचांना हा ठराव सगळ्यात आवडतो, कारण दुसऱ्या दिवशी गल्ली मोकळी दिसते. पण आपण ज्या घाटात सोडतो त्या घाटाखालीही गाव आहे आणि त्यांच्याकडेही टेम्पो आहे. आमच्या हायवेच्या ढाब्याजवळ एका सकाळी अकरा नवी कुत्री दिसली, सगळी अंगानं धट्टीकट्टी, शहरातली. कुणाची ते आजवर कळलं नाही.

अनोळखी जागी टाकलेलं कुत्रं जास्त चावतं, हे कुणीही गुराखी सांगेल. हद्द नाही, भाकरीचं दार नाही, मग ते टोळीला लागतं. बिबट्याच्या पट्ट्यात तर हा उपाय उलटा पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. घाटात सोडलेली कुत्री म्हणजे बिबट्याला वस्तीपर्यंत घातलेल्या पायघड्या.

कायदाही आड येतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला हीच पद्धत कायम ठेवली. अपवाद केला तो रेबीज झालेल्या वा तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा, त्यांना परत सोडायचं नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं अशा जागांना कुंपण घालून तिथली कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथं न सोडायला सांगितलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात कुत्री बसत असतील तर या आदेशाचा आधार घेऊन कुंपणाची मागणी लावून धरता येते. मात्र या विषयावर आदेश बदलत राहतात, तेव्हा ठराव टाईप करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून ताजा आदेश मागून घ्या.

निवारा

सभेत हा ठराव ऐकायला छान वाटतो. पन्नास कुत्री धरा, एकाला रोजचे पंचवीस रुपये धरा, नुसत्या खाण्याचे वर्षाला साडेचार लाखांच्या वर जातात. राखणदार, पत्रा, पाणी, औषध वेगळं. एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. तालुक्याला एक निवारा, आणि तोही फक्त खरोखर चावऱ्या कुत्र्यांसाठी, एवढी मागणी पंचायत समितीकडे रेटता येते.

नसबंदी की नुसती लस?

खरी निवड इथं आहे, आणि इथंच गावाची गफलत होते. शहरात जे चालतं ते आपण तसंच उचलतो.

नसबंदीला शस्त्रक्रियेची जागा लागते, पिंजरे लागतात, मान्यता असलेली संस्था लागते, आणि कुत्रं शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ठेवून घ्यावं लागतं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं मान्यतापत्र नसलेल्या कुणालाही काम देऊ नका. 'आम्ही दोन दिवसांत सगळं गाव करून देतो' म्हणणारा नेमका तोच असतो. काम झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारलेली असते. बिल मंजूर करण्याआधी कान मोजा. एका गावानं एकट्यानं हे करण्यात अर्थ कमी, कारण शेजारच्या गावची कुत्री हद्द ओळखत नाहीत. लगतच्या पाच-सहा गावांनी मिळून एकच संस्था बोलावली तर दरही खाली येतो.

आणि वेळ साधा. भाद्रपद कशासाठी बदनाम आहे ते गावात कुणाला सांगायला नको. त्या वेळी भरलेली कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी वितात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिलं. पिलांची आई त्या दिवसांत जवळून जाणाऱ्या कुणाच्याही पोटरीला धरते. तेव्हा शिबिर घ्यायचं ते वैशाख-ज्येष्ठात. हातात पैसे कमी असतील तर माद्या आधी. दहा नर केले आणि दोन माद्या सुटल्या, तर पुढच्या थंडीत पिलं तेवढीच.

फळ मात्र हळू येतं. तीन-चार वर्षं सलग केलं तर संख्या उतरलेली जाणवते. पाच वर्षांची मुदत असलेल्या सदस्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

रेबीजच्या लसीचं गणित वेगळं. ना ऑपरेशन, ना पिंजरा. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर, शीतपेटी आणि गावातली पोरं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ७० टक्के कुत्र्यांना लस पोचली की त्यांच्यातली रेबीजची साखळी तुटते. हे कागदावरचं नाही. शेजारच्या गोव्यात दर वर्षी घरोघर, वाड्यावाड्यांतून फिरून हजारो कुत्र्यांना लस दिली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. लस दर वर्षी द्यावी लागते, एवढाच तिचा दोष.

गावाकडे आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. शहरातलं भटकं कुत्रं खरंच बेवारस असतं, गावातलं सहसा नसतं. पट्टा नसतो, मालकी कुणी कबूल करत नाही, पण भाकरीचं एक दार ठरलेलं असतं. आम्ही लसीकरणाचं शिबिर घेतलं तेव्हा पकडायला आलेली दोन माणसं जाळं घेऊन तासभर धावली आणि त्यांच्या हाती तीन कुत्री लागली. मग पाचवीतली एक पोरगी पारल्याचा पुडा घेऊन आली, चावडीच्या पायरीवर बसली आणि "ए काळ्या, ये" म्हणाली. काळ्या आला. तिनं बिस्किट दिलं, दुसऱ्या हातानं कानामागं खाजवलं, डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. काळ्यानं फक्त एकदा वळून बघितलं. पुढची कुत्री त्या पोरीनं नि तिच्या मैत्रिणींनीच आणून दिली.

म्हणून माझा कौल असा: ज्या गावात अजून काहीच झालेलं नाही, तिथं पहिल्या वर्षी लस, दुसऱ्या वर्षी शेजारची गावं जोडून माद्यांची नसबंदी. उलट क्रमानं गेलात तर पहिल्याच टप्प्यावर पैसे संपतात आणि चाव्याची भीती तशीच राहते.

चिकनच्या दुकानामागं

लोक कुत्री मोजतात, त्यांचं ताट मोजत नाहीत. गावाबाहेर फाट्यावर जाऊन बघा. पत्र्याच्या दुकानामागं पोत्यात भरून टाकलेली आतडी, पिसं, मुंडकी. त्यावर सात-आठ कुत्री, पोटं तटतटलेली, जवळ गेलं की गुरगुरणारी. पोल्ट्री शेड असेल तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात. सोमवारी दुकान बंद असलं की हीच टोळी भुकेली होऊन मेंढरांच्या तळाकडे वळते.

पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं दुपारपर्यंत सांगाडा उघडा करायची. डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन १९९० च्या दशकात गिधाडं संपत गेली. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर गिधाडांचं ताट कुत्र्यांनी पटकावलं होतं.

यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त, आणि गावकीत सगळ्यात अवघड, कारण दुकान कुणाच्या तरी मेव्हण्याचं असतं. खोल खड्डा, वर चुना आणि माती, झाकण. दुकानाला ना-हरकत देताना हीच अट. ज्या महिन्यात आम्ही ते पोतं बंद केलं त्या महिन्यात फाट्यावरची टोळी पांगली. काही कुत्री गावात घुसली हेही खरं, पहिले पंधरा दिवस त्रास वाढला.

शेळ्यांचं

शेळीवाल्यानं ग्रामसभेची वाट बघू नये. टोळी येते पहाटे तीन ते पाचच्या सुमाराला. जाळीची उंची लोक वाढवत नेतात, पण कुत्रं शक्यतो खालून उकरून येतं. चेनलिंक जाळी वीतभर जमिनीत पुरा, बाहेरच्या अंगाला दगड लावा. वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात मेंढरं कोंडणारे धनगर राखणीचं कुत्रं ठेवतात ते उगाच नाही. त्याला मात्र लस हवीच.

भरपाईचं आधीच समजून घ्या. बिबट्या किंवा लांडग्यानं शेळी मारली तर वनविभागाकडून भरपाई मिळते, कुत्र्यानं मारली तर नाही. त्यामुळे पंचनाम्याच्या वेळी सगळेच लांडगा म्हणतात. वनरक्षक जखमा बघतो: एकाच रात्री सात-आठ शेळ्या मागून, मांडीकडून फाडलेल्या, खाल्लेलं फारसं नाही, तर त्याला कुत्र्यांचा संशय येतोच.

एकच कुत्रं चावत असेल तर

सगळ्या गावावर मोहीम नको. आधी बघा, त्याला पिलं आहेत का, जखम आहे का, की चाल बदलली आहे. लाळ गळणारं, जबडा लोंबणारं, कारण नसताना दिसेल त्याला धरणारं कुत्रं असेल तर पोरांना घरात घ्या आणि पशुवैद्यकांना बोलवा. काठ्या घेऊन मागं धावू नका. चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी माणसाची लस थांबवू नका.

चावा झाला की पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची. चुना, मिरची, हळद काही भरायचं नाही. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे, पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं औषधही टोचावं लागतं. ते प्रत्येक केंद्रात असतंच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करा. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर इलाज नाही. म्हशीला चावलं तर तिलाही लस टोचून घ्या आणि दूध उकळूनच वापरा.

ठरावाच्या आधी एक वही

कुठलाही ठराव निवडा, आधी कुत्र्यांची नोंद करा. आम्ही शाळेच्या वहीत पाच रकाने आखले: रंग, नर की मादी, कानाला खाच, लस, आणि 'भाकरी कुणाच्या दारात'. शेवटचा रकाना भरताना गावात हशा झाला, कारण ज्या आप्पांनी सभेत सगळ्यात मोठ्यानं "औषध घाला" म्हटलं होतं, त्यांच्या दाराचं नाव तीन ओळींत आलं. आप्पांनी ते खोडायला लावलं नाही. लसीच्या दिवशी तिघांनाही दोरीला धरून तेच घेऊन आले.