एलएसडीचा आवाज आणि 'प्लेट्स गेल्या'चं बिल

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी; एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारा तिचा प्रकार म्हणजे एलएसडी, लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. ती असलेल्या जुन्या एसयूव्हीच्या मालकांना एकाच पद्धतीने लुबाडलं जातं. गाडी मागच्या एक्सलचं ऑइल बदलायला जाते. तिथे साधं 80डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल भरतात. दोन दिवसांनी पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना मागून कडकड, गुरगुर ऐकू येते, गाडी थरथरते. परत नेल्यावर सांगतात, "एलएसडीच्या प्लेट्स गेल्या, किट टाकावं लागेल." गाडी दिवसभर ठेवून किट आणि मजुरीचं मोठं बिल हातात देतात. आवाज खरंच बंद झालेला असतो, म्हणून मालक शंकाही घेत नाही. आत मात्र फक्त फ्रिक्शन मॉडिफायरची, म्हणजे प्लेट्सना सलग घसरू देणाऱ्या रसायनाची, एक बाटली ओतलेली असते.

क्लच प्लेटवाल्या एलएसडीत दोन्ही साइड गिअरच्या मागे अस्तराच्या आणि पोलादी प्लेट्स आलटून पालटून बसवलेल्या असतात. स्प्रिंगचा दाब त्यांना कायम आवळून धरतो, जोर लागला की गिअर त्यांना आणखी दाबतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, तेव्हा या प्लेट्सना एकमेकींवरून घसरावंच लागतं. ऑइलमध्ये मॉडिफायर नसेल तर त्या सलग घसरण्याऐवजी अडकतात-सुटतात, आणि तोच हा आवाज.

खरोखर झिजलेली एलएसडी बहुतेकदा आवाज करत नाही. ती मुकाट्याने साध्या डिफरन्शियलसारखी वागू लागते: चिखलात एक चाक जागीच गरगरतं, दुसरं ढिम्म. म्हणून ऑइल बदलल्यावर लगेच आवाज आला, तर पहिला संशय ऑइलवर घ्या. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं 'एलएस' ऑइल (ज्यात मॉडिफायर आधीच असतं) भरा किंवा सांगितल्या मापाने मॉडिफायर घाला. फोर्डच्या 8.8 इंची एक्सलला सुमारे 118 मिली मॉडिफायर लागतं. मग मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात आठ-दहा फेऱ्या मारा, म्हणजे ते प्लेट्समध्ये मुरतं.

तरीही शंका राहिली तर टॉर्क रेंचने, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, तपासा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना अडवणारे ठोकळे, मागचं एकच चाक उचललेलं. ते फिरवायला लागणारा टॉर्क मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली असेल तरच प्लेट्स संपल्या. त्याच 8.8 इंची एक्सलच्या ट्रॅक्शन-लॉकला (फोर्डच्या एलएसडीला) हा आकडा 20 फूट-पौंड, म्हणजे जेमतेम 27 न्यूटन-मीटर आहे.

थारमधल्या ईटन कंपनीच्या मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलला ही परीक्षा लावू नका. दोन चाकांच्या वेगात सुमारे 100 आरपीएमचा फरक पडल्याशिवाय ते लॉक होत नाही. हाताने चाक फिरवून "हे खराब आहे" म्हणणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

काम मान्य केलंच, तर जुन्या प्लेट्स परत मागा. झिजलेल्या प्लेटचं अस्तर उडालेलं, पोलादी प्लेट निळी पडलेली दिसते. त्या काढायला दोन्ही एक्सल शाफ्ट ओढून डिफरन्शियल उघडावं लागतं, त्यामुळे हाउसिंगच्या जोडावर नवं सीलंट किंवा गॅस्केट दिसायलाच हवं. तिथे जुनी धूळ आणि चिखल तसाच असेल, तर आत कुणी हात घातलेला नाही. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, हेही बघा. तसं नसेल तर सरळ रस्त्यावरही प्लेट्स सतत घासत राहतात आणि नवं किटही लवकर संपतं.