सामाईक कार्यशाळेसाठी सागवान घेताना झालेली फसवणूक

मध्य मुंबईत आम्ही काही मंडळी मिळून सुतारकामाची एक सामाईक कार्यशाळा चालवतो. जागा नाममात्र भाड्याने मिळालेली आहे, रंध्याचे यंत्र आणि टेबल-करवत सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली आहे, आणि पगारावर कोणीही नाही. ज्याची पाळी असेल तो कुलूप उघडतो, नवख्यांना शिकवतो आणि संध्याकाळी भुसा झाडून घरी जातो. अशा कार्यशाळेला लाकूड विकताना एका व्यापाऱ्याने केलेली फसवणूक मी सविस्तर लिहीत आहे, कारण त्याने वापरलेली पद्धत स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेवर चालू शकेल.

महापालिकेच्या एका शाळेसाठी आम्हाला बाके करायची होती. हे कुठून तरी कळल्यावर त्या व्यापाऱ्याने स्वतःहून संपर्क साधला आणि पाडलेल्या चाळीतले जुने बर्मा सागवान देऊ केले. गिरगाव, लालबाग, परळ येथील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जातात, तेव्हा त्यांच्या खांबांतून आणि तुळयांतून निघणारे सागवान खरोखरच उत्तम असते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात संशय घेण्यासारखे काही नव्हते. नमुन्याचा तुकडाही अस्सल होता: हाताला तेलकट लागणारा, कातड्यासारखा वास येणारा आणि आडव्या छेदात भिंगाखाली वर्षवलयांच्या कडेने मोठ्या छिद्रांची रांग दाखवणारा.

यानंतर त्याने जे केले ते नीट समजून घ्यावे. आमच्याकडे रोज वेगळा माणूस असतो हे त्याने हेरले होते. नमुना त्याने एका सभासदाला दाखवला, भाव दुसऱ्याशी ठरवला, आगाऊ रक्कम तिसऱ्याकडून घेतली, आणि प्रत्येकाला ‘तुमच्या मोठ्या काकांशी सगळे बोलणे झाले आहे’ असे सांगितले. माल त्याने नेमका अशा दुपारी पाठवला की पाळीवर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी एकटीच होती. टेम्पो दारात उभा ठेवून, आता पैसे दिले नाहीत तर गाडी परत जाईल आणि दोन्ही वेळचे भाडे संस्थेवर पडेल, असे तिला ऐकवले गेले, आणि उरलेली रक्कम दुकानाच्या खात्याऐवजी कोणा व्यक्तीच्या खात्यावर मोबाइलवरून मागून घेतली. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. व्यवहार ठाऊक नसलेल्या एकट्या माणसाला घाईत गाठायचे, हाच त्या योजनेचा गाभा होता.

पहिली फळी कापली तेव्हा लबाडी उघडी पडली. तपकिरी रंग वरवरचा निघाला आणि आत फिकट, वास नसलेले लाकूड दिसले. जुनेपणाचा पुरावा म्हणून ज्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या होत्या, त्यांच्याभोवती लोखंडामुळे सागवानात उतरणारा काळेपणा अजिबात नव्हता, म्हणजे ती भोके अलीकडेच पाडलेली होती. फर्निचरसाठी लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. व्यापाऱ्याने फळीच्या उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर ओलावामापक टेकवून तेवढाच आकडा दाखवला होता, पण मध्यभागी कापून ताज्या छेदावर आम्ही मोजले तेव्हा तो दुपटीहून अधिक भरला.

मापाचा भाग तर साध्या गणिताचा आहे. सहा इंच रुंद, दीड इंच जाड आणि आठ फूट लांब फळी म्हणजे 6 गुणिले 1.5 गुणिले 8, भागिले 144, म्हणजेच अर्धा घनफूट. आलेल्या फळ्यांची जाडी प्रत्यक्षात सव्वा इंच होती. पाव इंच डोळ्यांना जाणवत नाही, परंतु तेवढ्याने प्रत्येक फळीमागे एक षष्ठांश लाकूड न देताच त्याचे पैसे घेतले जातात.

मला सर्वांत जास्त चीड आली ती पैशांमुळे आलेली नाही. ओले, ताण धरलेले लाकूड टेबल-करवतीवर चिरताना पडलेली चीर मागे आवळते, पाते पकडले जाते आणि फळी जोराने कापणाऱ्याच्या अंगावर उलटी फेकली जाते. आमच्याकडे प्रथमच यंत्रापाशी उभी राहणारी माणसे असतात. सुकवलेले म्हणून असे लाकूड त्यांच्या हाती देणारा माणूस त्यांच्या बोटांशी आणि डोळ्यांशी खेळत असतो, आणि याला मी किरकोळ व्यापारी लबाडी मानायला तयार नाही.

रे रोडच्या एका वखारवाल्यांनी नंतर आम्हाला आपणहून वेळ दिला. सुके सागवान घनफुटाला साधारण 18 ते 20 किलो भरते, तेव्हा मोजलेल्या फळ्यांचे वजन करून पाहा, आणि प्रत्येक गठ्ठ्यातली एक फळी आपल्या हाताने निवडून मधोमध कापून घ्या, असे त्यांनी शिकवले. याला नकार देणाऱ्याकडून माल घेऊच नये, असेही ते म्हणाले. आमच्या हाती केवळ कच्ची पावती होती. तिच्यावरचा 15 अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक 27 या महाराष्ट्राच्या अंकांनीच सुरू होत होता, पण शासकीय संकेतस्थळावर ती नोंदणी रद्द झालेली दिसली. हे तपासायला मिनिटभर पुरते आणि ते आगाऊ रक्कम देण्याआधी करता येते.

आता नमुना ठरवणारे दोघेच माल उतरवून घेतात, ते दोघे हजर नसतील तर टेम्पो परत जातो, आणि रक्कम पक्क्या बिलावरच्या खात्यातच जमा होते.

आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहोत. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. लाकडाची जात बंगळूरच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत ओळखून मिळते, म्हणून अशा खरेदीत अडकलेल्यांनी फळ्या रागाने फेकून किंवा जाळून टाकू नयेत. मूळ नमुना, कापलेला तुकडा, पावती आणि मोबाइलवरचे संदेश एकत्र जपून ठेवावेत.