जर्मनीतला इंटिग्रेशन कोर्स: सात महिने रोज गेले, करावा का ते सांगते

नवऱ्याच्या ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जर्मनीत आलेल्या मुली मला हमखास विचारतात की इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे बाहेरून आलेल्यांना जर्मन भाषा आणि देशाची माहिती शिकवणारा सरकारी कोर्स, करू का घरी बसून ॲपवर जर्मन शिकू, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. संस्थेचं आणि शहराचं नाव देत नाहीये, कारण हा कोर्स सगळीकडे साधारण सारखाच असतो, नियम, तास, परीक्षा सगळं नुरेंबर्गच्या बाम्फ ऑफिसचं, म्हणजे स्थलांतर आणि निर्वासितांचं सरकारी खातं, आणि शिकवतात वेगवेगळ्या संस्था.

आधी हिशोब. कोर्स ७०० तासिकांचा, एक तासिका ४५ मिनिटांची. त्यातल्या ६०० भाषेच्या आणि शेवटच्या १०० देशाबद्दलच्या, इतिहास, कायदा, निवडणुका वगैरे. मी २०२३ च्या शरद ऋतूत सुरू केला तेव्हा एका तासिकेचे २ युरो २९ सेंट, म्हणजे पूर्ण कोर्सचे १,६०३ युरो, पण शंभर तासिकांचे हप्ते असतात त्यामुळे एकदम द्यावे लागत नाहीत. सरकारी भत्त्यावर असलेल्यांना फी माफ. आमची वेळ सकाळी साडेआठ ते पावणेएक, सोमवार ते शुक्रवार, रोज हजेरीपत्रकावर सही. फी आणि नियम बदलत राहतात, जायच्या आधी एकदा बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा खरं सांगायचं तर मला थोडं अवघडल्यासारखं झालं. मनात होतं की मी काय रेफ्युजी आहे का, माझा नवरा इंजिनिअर, मी पुण्यात सहा वर्षं नोकरी केलेली, ब्लू कार्डवाल्यांच्या बायकांना तर येण्याआधी ए१ ची, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीची, परीक्षासुद्धा लागत नाही. आणि बाकावर माझ्या डावीकडे सिरियातल्या अलेप्पोचे एक शिंपीकाका, पन्नाशी उलटलेले, उजवीकडे युक्रेनमधल्या खार्किवची अकाउंटंट बाई, मागे एक अफगाण मुलगा, शिवाय ब्राझील, तुर्कस्तान, इरिट्रिया. आमच्या सगळ्यांची व्हिसाची कार्डं वेगळी, हक्क वेगळे, रांगा वेगळ्या. युक्रेनवाल्यांना आश्रयाच्या केसमधून जावंच लागलं नाही, आल्या आल्या कामाचा परवाना. काकांना केस लढवावी लागली. आणि त्या अफगाण मुलाचं तर ऐकून मला रात्रभर झोप आली नाही, तो २०१६ पासून इथे आहे, तेव्हा केस चालू असताना सिरियाच्या लोकांना कोर्सला जागा मिळायची पण अफगाण लोकांना नाही, कारण त्यांना इथे राहू देतील याची खात्री नाही असं धरलेलं होतं. म्हणजे अठराव्या वर्षी आला आणि ऐन शिकायची वर्षं होस्टेलच्या खोलीत वाट बघण्यात गेली. बोलायला जर्मन फटाफट, सगळं रस्त्यावर आणि हॉटेलच्या भांडी घासायच्या जागेवर शिकलेलं, पण लिहायला बसला की चार ओळी होत नव्हत्या. लोक म्हणतात हे मिसळत नाहीत, अरे पण दार उघडलं कधी ते बघा ना.

मी मूळची कल्याणची. शेजारी उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं होतं, महायुद्धातल्या बराकी त्या, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, पण आजही रिक्षात बसून आपण कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच सांगतो. लहानपणी आम्ही "कॅम्पातले" हा शब्द ज्या सुरात म्हणायचो तो सूर मला त्या वर्गात बसून आठवला आणि फार वाईट वाटलं. माझ्या वर्गातल्या सिंधी मैत्रिणीची आजी कुठलं घर सोडून आली हे मी दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, दाल पकवान मात्र आवडीने खाल्लं. त्या लोकांना भाषेचा कोर्स वगैरे कोणी दिला नव्हता, मराठी ते बाजारात शिकले आणि त्यांची मुलं शाळेत. पण एक मोठी गोष्ट त्यांच्याकडे होती, ते इथले नागरिक होते, उद्या हाकलतील ही भीती डोक्यावर नव्हती. काकांच्या कार्डावर तारीख असते. तीन वर्षांनी परत रांग.

शिकवणं कसं होतं? आमच्या मुख्य बाई अप्रतिम. मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. डेअर, डी, दास ऐकून अर्धा वर्ग कपाळाला हात लावतो, आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहेच. कुठल्या शब्दाला काय ते पाठच करावं लागतं, पण तीन लिंगं कशाला हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मेडशन म्हणजे मुलगी आणि तिला दास, नपुंसकलिंग, सगळे हसले, मी म्हटलं आमच्याकडेही पोरगी असली तरी "ते पोरगं" म्हणतातच. आकड्यांचंही तसंच, जर्मनमध्ये एकवीस म्हणजे आधी एक मग वीस, आपलं एकवीस, बावीस, तेवीस पण तसंच की. ब्राझीलवाली रडकुंडीला यायची, काका मात्र आरामात, अरबीतही एक आणि वीस असंच म्हणतात म्हणे. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा नीट बोललो, तुटक्या जर्मनमध्ये, कारण दुसरी कुठली भाषा आमच्यात नव्हतीच. घरी ॲपवर हे मिळत नाही. इंग्लिश येणारी माणसं आजूबाजूला असली की आपण इंग्लिशवर जातो आणि जर्मन राहून जातं, इथे तो रस्ताच बंद.

शेवटच्या १०० तासिका बोअर असतील असं मला वाटलेलं, उलट त्याच सगळ्यात जास्त आवडल्या. बाईंनी गेस्ट वर्करांचा इतिहास शिकवला. १९५५ मध्ये इटलीशी करार, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, माणसं कारखान्यांसाठी आणायची आणि काम झालं की परत जातील असं धरायचं. १९६४ मध्ये दहा लाखावा कामगार, पोर्तुगालचा, कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर उतरला तर बँड लावून त्याला मोपेड भेट दिली. फोटो दाखवला आम्हाला. मोपेड दिली, पण भाषा शिकवायची सोय केली नाही, कारण राहणार आहेतच कुठे. १९७३ मध्ये भरती बंद झाली, अनेक जण गेले नाहीत, बायकामुलं आली, आणि हा सरकारी कोर्स सुरू झाला २००५ मध्ये. हिशोब करा, किती वर्षं गेली. वर्गातल्या तुर्की बाईचे सासरे त्या पहिल्या लोकांपैकी, आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात, आणि डॉक्टरकडे जायला अजून नातू बरोबर लागतो. त्यामुळे हा कोर्स उपकार म्हणून देतात असं मला वाटत नाही, आधीची चूक खूप उशिरा दुरुस्त केलीय, आणि बरं झालं केली, कारण २०१५ मध्ये एका वर्षात जवळपास ९ लाख माणसं आश्रयाला आली तेव्हा निदान शिकवायची यंत्रणा तरी हाताशी होती.

मग 'लेबेन इन डॉइचलांड', म्हणजे 'जर्मनीतलं जीवन', या परीक्षेची तयारी. ३१० प्रश्न आधीच मिळतात, त्यातले ३३ येतात, ३० देशाचे आणि ३ आपल्या राज्याचे, वेळ एक तास. १५ बरोबर आले की पास, नागरिकत्वासाठी १७ लागतात. पाठ केलं की होतं. पण पहिलाच प्रश्न असा आहे की जर्मनीत माणसं सरकारविरुद्ध उघड बोलू शकतात, का, आणि उत्तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य. बाईंनी काकांना वाचायला लावला. त्यांनी वाचला, बरोबर पर्यायावर पेन्सिल टेकवली, आणि मग म्हणाले की आमच्याकडे असलं वाक्य घरातसुद्धा बोलायचं नाही, मुलं शाळेत बोलून जातात. वर्गात कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मी तो प्रश्न आदल्या रात्री सोपा म्हणून सोडून दिला होता.

भाषेची परीक्षा चार भागांची, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. बी१, म्हणजे ए१ च्या दोन पायऱ्या वरची पातळी, मिळायला बोलण्यात बी१ लागतंच, शिवाय लेखनात किंवा ऐकणं-वाचणं मिळून जो भाग आहे त्यात, दोन्हींपैकी निदान एकात. म्हणून बोलायची प्रॅक्टिस करा. बोलणं जोडीने असतं, शेवटी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, आम्हाला निरोपाची पार्टी आली आणि खार्किववाली आणि मी इतक्या वेळा खरोखरच वर्गात डबे ठरवले होते की काही जडच गेलं नाही.

आता कापलेला स्टार. एक, मला जागा मिळायला तीन महिने लागले आणि ईमेलला उत्तर नाही. दोन, आणि हे फार लागलं मला, मुलं सांभाळायची सोय नव्हती. इरिट्रियाची बाई हुशार होती, सगळ्यात पुढे, बाळाला डेकेअर मिळालं नाही म्हणून फीच्या दुसऱ्या हप्त्यानंतर यायची बंद झाली. असं झालं की बाई घरातच अडकते, मग पाच वर्षांनी तिलाच विचारणार भाषा का येत नाही. तीन, सगळ्यांना एकच वेग. एका अफगाण आजींना आमच्यात बसवलं, त्यांना लिपीच येत नव्हती, स्वतःची दरी भाषासुद्धा लिहिता येत नव्हती. अशांसाठी अक्षरओळखीपासूनचा वेगळा, जास्त तासांचा कोर्स असतो, पण त्या शहरात त्याचा वर्ग भरत नव्हता म्हणे. त्या फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून घ्यायच्या, रोज, एक दिवस न चुकता.

आणि बी१ म्हणजे नोकरी नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. ऑफिसच्या कामाला बहुतेक ठिकाणी बी२ च्या वर मागतात, त्याचे पुढचे कोर्स असतात. खार्किववालीची पंधरा वर्षांची अकाउंटंटगिरी इथे कागदावर यायला अजून चालूच आहे, सध्या सुपरमार्केटमध्ये आहे. काकांचं मात्र छान झालं, कपडे दुरुस्तीच्या दुकानात लागले, माझ्या पैठणीचा फॉल त्यांनीच बसवला, आधी दहा मिनिटं फॉल म्हणजे काय हे समजून घेतलं आणि मग असा बसवला की आईला फोटो पाठवला.

तर जा. रोज जा, डबा घेऊन जा, मधल्या सुट्टीत मराठी किंवा हिंदी बोलणारं कोणी असलं तरी त्यांच्यात बसू नका. आणि आमच्या वेळी पात्रतेचा कागद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत दोन्ही परीक्षा पास झालं तर भरलेली अर्धी फी परत मिळायची, माझे ८०१ युरो ५० सेंट आले, पण ते आपोआप येत नव्हते, अर्ज आपणच करायचा होता, आमच्या वर्गातल्या दोघींना हे कोणी सांगितलंच नव्हतं.