सावळ्या बोटावरचा ऑक्सिमीटर: एक परीक्षण

नागपुरातील मेडिकल चौकाजवळच्या एका सर्जिकल साहित्याच्या दुकानातून घेतलेला, बोटाला लावायचा एक साधा पल्स ऑक्सिमीटर आमच्या घरी बऱ्याच काळापासून वापरात आहे. त्याची किंमत बाराशे रुपये पडली. ब्रँडचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या दोषाविषयी प्रामुख्याने लिहायचे आहे तो एका कंपनीचा नसून या प्रकारच्या बहुतेक यंत्रांचा आहे आणि तो समजून घेतल्यावर वांशिक भेदभाव समाजात कसा टिकून राहतो, याविषयीही बरेच काही समजते.

आधी यंत्राविषयी. ते दोन बारीक सेलवर चालते, वजनाला हलके आहे आणि आकडे इतके ठळक आहेत की चष्म्याविना वयस्क माणसालाही वाचता येतात. बोट आत ठेवल्यावर काही सेकंदांत नाडीचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दिसते, बोट काढले की थोड्या वेळाने ते आपोआप बंद होते. हिवाळ्यात हात गार असताना आकडा स्थिरावत नाही, नखांना गडद नेलपॉलिश असेल तर वाचन बिघडते आणि हात हलला तरी ते चुकते. या तिन्ही गोष्टी सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. बोटाच्या त्वचेच्या रंगाविषयी मात्र त्या पत्रकात एक अक्षरही नाही.

हे यंत्र प्रकाशाने मोजते. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्यामागील तत्त्व मांडले. चिमट्याच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवला जातो व दुसऱ्या बाजूचा संवेदक तो टिपतो. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात, त्या फरकावरून टक्केवारी निघते. पण मधल्या त्वचेतील मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, हेही प्रकाश शोषते. शिवाय यंत्र ती टक्केवारी थेट मोजत नाही. कारखान्यात आधी निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतील रक्त तपासून जो तक्ता बनवलेला असतो, त्याच्याशी ते आपल्या बोटातून आलेला प्रकाश ताडून पाहते. म्हणजे आपल्या बोटावर दिसणारा आकडा हा त्या अनोळखी स्वयंसेवकांच्या बोटांशी केलेल्या तुलनेतून आलेला असतो. ते स्वयंसेवक बहुतांशी गोऱ्या कातडीचे असतील, तर तो तक्ताही त्यांच्याच कातडीचा असणार.

डबीवर ‘अचूकता ± २ टक्के’ असे छापले आहे. त्याचा अर्थ प्रत्येक वाचन दोन टक्क्यांच्या आत बरोबर असते, असा नाही. चाचणीतील सुमारे दोन तृतीयांश वाचने त्या मर्यादेत येतात, एवढेच त्यातून कळते. उरलेली एक तृतीयांश कोणाच्या वाट्याला येतात, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दिले. यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना धमनीच्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले, म्हणजे तिपटीहून अधिक. २०२२ मधील कोविड रुग्णांच्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाचे) आणि आशियाई रुग्णांचा ऑक्सिजन यंत्राने प्रत्यक्षाहून जास्त दाखवल्याचे दिसले, आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांना उपचाराची गरज आहे हे ओळखण्यास उशीर झाल्याचेही पुढे आले. येथे चूक कोणत्या दिशेला होते ते नीट पाहिले पाहिजे. यंत्र चुकून कमी आकडा दाखवते तेव्हा माणूस घाबरून दवाखान्यात जातो. ते चुकून जास्त दाखवते तेव्हा तो घरीच राहतो.

एप्रिल २०२१ मधले नागपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मेडिकल आणि मेयो दोन्ही रुग्णालयांत खाटा उरल्या नव्हत्या, ऑक्सिमीटर दुकानांतून नाहीसे झाले होते आणि ‘९४ च्या खाली गेला की सांगा’ हे वाक्य घराघरांत पाठ झाले होते. माझे मामा बांधकामावर उन्हातान्हात आयुष्य काढलेले, वर्णाने काळे. त्यांना दोन वाक्ये बोलतानाही दम लागत होता आणि यंत्र ९५ दाखवत होते. फोनवर विचारले तर आकडा चांगला आहे, घरीच थांबा, असे उत्तर मिळाले. मामींनी ऐकले नाही. त्या त्यांना घेऊनच गेल्या आणि तेथे धमनीचे रक्त तपासल्यावर प्रमाण त्याहून बरेच खाली असल्याचे कळले. मामा वाचले. तो फरक त्वचेच्या रंगामुळेच पडला, असे एका रुग्णावरून म्हणता येणार नाही. कष्टकऱ्याच्या बोटाची राठ कातडी, ताप, मंदावलेला रक्तप्रवाह अशी इतर कारणेही असू शकतात. परंतु यंत्राचा हा स्वभाव तेव्हा आम्हाला कोणी सांगितला असता, तर मामींना एकटीने भांडावे लागले नसते.

हा दोष कोविडमध्ये अचानक सापडला, असाही समज करून घेऊ नये. १९९० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी लिहिले होते की, कृत्रिम श्वासावर असलेल्या गोऱ्या रुग्णांसाठी ९२ चा आकडा पुरेसा विश्वासार्ह असला तरी कृष्णवर्णीय रुग्णांसाठी तो नाही, तेथे ९५ धरावा लागेल. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी गडद त्वचेच्या स्वयंसेवकांवर हीच चूक मोजून दाखवली. त्याहूनही आधी, १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने कानाला लावायचा एक ऑक्सिमीटर बनवला होता. तो आठ तरंगलांबींचा प्रकाश वापरत असे आणि त्याच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय स्वयंसेवकांचाही समावेश होता. तो महाग व अवजड होता, म्हणून दोन तरंगलांबींचे स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र आल्यावर तो मागे पडला. अडचण माहीत होती, तिच्यावरचा एक उपायही हाताशी होता, तरीही बाजारात जे टिकले ते एका प्रकारच्या कातडीला साजेसे होते आणि तीस वर्षे कोणाला त्याची फारशी खंत वाटली नाही. मला या साऱ्या कहाणीत सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

वंशवाद म्हटले की आपल्यासमोर शिवीगाळ, मारहाण, दारावरचा ‘प्रवेश नाही’चा फलक अशी चित्रे येतात. ती खरीच आहेत. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्य भारतीयांवरील भेदभावाचा विचार करण्यासाठी बेजबरुआ समिती नेमावी लागली, हे आपल्याच देशातले आहे. पण ऑक्सिमीटर घडवणाऱ्या अभियंत्याच्या मनात कोणाविषयीही द्वेष नव्हता आणि तरीही त्याच्या यंत्रामुळे एका समूहाच्या माणसांना प्राणवायू उशिरा मिळाला. हेतू नसताना झालेल्या या हानीला भेदभाव म्हणावे का? संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या आणि भारताने १९६८ मध्ये मान्य केलेल्या वांशिक भेदभावविरोधी करारात याचे स्पष्ट उत्तर आहे. वंश, वर्ण, कुळ किंवा राष्ट्रीय अथवा वांशिक मूळ यांवर आधारलेला जो फरक समान हक्कांना बाध आणतो तो भेदभाव, मग तो त्याचा हेतू असो की परिणाम. परिणाम पुरेसा आहे. कोणाच्या मनात काय होते हे शोधत बसण्यापेक्षा कोणाच्या बोटावर काय उमटले हे पाहणे अधिक उपयोगाचे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यंत्राला वंश दिसत नाही, त्याला फक्त मेलॅनिन दिसते. अमेरिकेतील अभ्यासांत रुग्णांची विभागणी त्यांच्या नोंदलेल्या वंशावरून झाली, पण शिकागोतला कृष्णवर्णीय शिक्षक आणि नागपूरजवळच्या हिंगण्याकडचा सावळा शेतमजूर यांच्या त्वचा प्रकाशासाठी सारख्याच असू शकतात. वंश हा शरीरात लिहिलेला असतो, ही समजूत विदर्भात तर टिकायलाच नको, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा आपल्या दवाखान्यांत रोज दिसतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वर्णन १९१० साली शिकागोमध्ये प्रथम झाले आणि त्यानंतर अमेरिकेत तो दीर्घकाळ ‘काळ्यांचा आजार’ मानला गेला. गोऱ्या माणसात तो आढळला तर त्याच्या पूर्वजांत कोणी काळे असावे, अशी शंका घेतली जाई. प्रत्यक्षात तो मलेरियाच्या प्रदेशांचा आजार आहे. सिकल जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून तो आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, सिसिलीत आहे, अरबस्तानात आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांतही आहे. ‘एएस पॅटर्न’ (वाहक) की ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे ज्यांच्या घरी लग्न ठरवताना विचारले जाते त्या कुटुंबांना ग्रीसमधील शेतकऱ्याशी जोडणारा धागा वंशाचा नाही, डासांचा आहे.

जातीबाबतही हेच. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले नाकांची मापे घेऊन जातींची वांशिक उतरंड लावू पाहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील अस्पृश्य हे वंशाने एकच आहेत आणि मद्रासेतील ब्राह्मणाचे पंजाबातील ब्राह्मणाशी तसे वांशिक नाते नाही; जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, तर एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी होय. पुढे १९४८ मध्ये त्यांनी ती नाकांची मापेच हाती घेऊन रिस्लेचा सिद्धांत मोडून काढला. वंश हे निसर्गाने आखलेले कप्पे नाहीत, पण माणसांनी ते कप्पे खरे मानून रुग्णालये, शाळा आणि यंत्रे उभारली की त्यांचे परिणाम मात्र खरे असतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरल्याशिवाय हा विषय समजत नाही.

आता सुधारणा कुठवर आली, ते पाहू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये अशा यंत्राच्या चाचणीसाठी किमान दहा स्वयंसेवक आणि त्यांत किमान दोन किंवा १५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितके, गडद त्वचेचे असावेत असे सुचवले होते. दोन माणसांच्या बोटांवर अब्जावधींचा हिशेब! जानेवारी २०२५ च्या मसुद्यात हीच संख्या दीडशेच्या घरात नेण्याचा आणि त्वचेच्या विविध छटांचा समावेश करण्याचा प्रस्ताव आला. ब्रिटनमध्ये मार्च २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांतील विषमतेवर स्वतंत्र समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटरवरील नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली, ती योग्यच होती आणि तिचा लाभ ग्राहकांना झाला. पण ज्या देशात बहुसंख्य लोक गव्हाळ ते काळ्या वर्णाचे आहेत, तेथे यंत्र स्वस्त असण्याइतकेच ते आपल्या त्वचेवर खरे ठरणे महत्त्वाचे आहे. ही चाचणी विदर्भाच्या उन्हात राबणाऱ्या माणसांच्या बोटांवर झाली पाहिजे आणि तिचा निकाल डबीवर छापला गेला पाहिजे, ही माझी ठाम मागणी आहे.

मी दुकानदारांना विचारले की हे यंत्र कोणत्या वर्णाच्या लोकांवर तपासले आहे. त्यांनी सौजन्याने डबी उलटीपालटी करून पाहिली आणि असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, असे सांगितले. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून अचूकतेचा तोच ± २ टक्क्यांचा आकडा पुन्हा मिळाला, स्वयंसेवकांविषयी काहीच कळले नाही. आमच्या घरी गोऱ्या आणि सावळ्या दोन्ही बोटांवर हे यंत्र ९७ आणि ९८ दाखवते, मात्र त्यावरून ते निर्दोष ठरत नाही, कारण ही चूक ऑक्सिजन खाली उतरू लागल्यावर वाढते आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्या आकड्यावर विसंबलेलो असतो.

बांधणी, सेलचा टिकाऊपणा आणि वापरातील सोय यांसाठी मी या यंत्राला पाचपैकी चार गुण देईन. माहिती देण्यातील प्रामाणिकपणासाठी एकच. तरीही ते घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या घरात ते असावे. प्रकृती उत्तम असताना प्रत्येकाचा नेहमीचा आकडा लिहून ठेवावा आणि आजारपणात ९४ च्या रेषेपेक्षा आपल्या त्या आकड्यापासून किती घसरण झाली, याकडे अधिक लक्ष द्यावे. गडद वर्णाच्या माणसाला दम लागत असेल, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर आकडा ९५ असला तरी डॉक्टरांना गाठावे आणि धमनीच्या रक्ताची, म्हणजे एबीजी तपासणीची गरज आहे का, हे स्पष्ट विचारावे. सिकलसेलच्या रुग्णांच्या बाबतीत हे यंत्र वेगळ्या कारणांनीही चुकू शकते, म्हणून त्यांच्यासाठी कोणता आकडा ग्राह्य धरायचा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन ते ऑक्सिमीटरच्या डबीतच ठेवावे.